रात्री रेडिओवरची भुताची नाटकं एवढी भीतीदायक का वाटायची? थोडं श्रेय आकाशालाही द्या!

खोलीत अंधार. बाकीचं घर झोपलेलं. उशीखाली हाताएवढा ट्रान्झिस्टर आणि एका कानात इअरफोन. स्टेशन लांबचं, त्यामुळे आवाज मध्येच मोठा होतोय, मध्येच विहिरीत पडल्यासारखा खोल जातोय. आणि त्या खरखरीतून एक दार हळूहळू करकरत उघडतं.

१९७० च्या दशकात अमेरिकेत लहान असलेल्या कुणालाही 'सीबीएस रेडिओ मिस्टरी थिएटर' म्हणा, त्याच्या डोळ्यांसमोर साधारण हेच चित्र येईल. ती मुलं आता साठीच्या आसपास आहेत. कार्यक्रमाचे जवळजवळ सगळे भाग आज इंटरनेटवर ऐकायला मिळतात. पण मोबाईलवर ऐकले तर तीच गोष्ट, तेच आवाज, आणि तरी काहीतरी कमी पडतं. तेव्हा पांघरूण डोक्यावरून घ्यावंसं वाटायचं, आता तेच भाग ऐकता ऐकता आपण भांडी घासतो.

वय वाढलं हे कारण आहेच. पण सगळा दोष वयाला देऊ नका. त्या भीतीत नाटक लिहिणाऱ्याचा वाटा होता तसाच रेडिओलहरींचा, स्वस्त स्पीकरचा आणि मायक्रोफोनचाही होता. हे प्रकरण नेमकं काय आहे ते आज समजून घेऊ. आपल्याकडेही नभोनाट्य आणि श्रुतिका रात्री ऐकणारी पिढी आहेच. पण अमेरिकेतल्या या कार्यक्रमांची नोंद खूप तपशिलात मिळते, म्हणून उदाहरणं तिकडची घेतोय. लहरींचं विज्ञान दोन्हीकडे एकच.

हा कार्यक्रम आला कुठून?

टीव्ही घरोघरी पोहोचला आणि अमेरिकेतलं रेडिओ नाटक आटत गेलं. ३० सप्टेंबर १९६२ या एकाच दिवशी सीबीएसच्या उरलेल्या दोन मोठ्या मालिका संपल्या. त्यातली एक 'सस्पेन्स', वीस वर्षं चाललेली. रेडिओवर नाटक ही गोष्ट आता इतिहासजमा, असंच सगळ्यांना वाटलं.

मग ६ जानेवारी १९७४ ला हायमन ब्राउन नावाच्या निर्मात्याने ती पुन्हा सुरू केली. ब्राउन या धंद्यातला जुना माणूस. १९४१ पासून त्याचा 'इनर सँक्टम' नावाचा भयकथांचा कार्यक्रम चालायचा आणि त्याची ओळख म्हणजे करकरणारं दार. तेच दार त्याने नव्या कार्यक्रमाला लावलं. पहिल्याच भागात ॲग्नेस मूरहेड होती. 'सॉरी, राँग नंबर' या १९४३ च्या गाजलेल्या रेडिओ नाटकात जवळजवळ एकटीने श्रोत्यांचा घाम काढणारी हीच ती अभिनेत्री. सूत्रधार होता ई. जी. मार्शल. गोष्टीच्या आधी आणि नंतर तो शांतपणे, अगदी सभ्यपणे बोलायचा, आणि ते जास्त भीतीदायक वाटायचं.

३१ डिसेंबर १९८२ ला कार्यक्रम बंद झाला तोवर १३९९ नवे भाग झाले होते. जाहिराती आणि बातम्या धरून साधारण तासाभराचा हा मामला, आणि बहुतेक ठिकाणी लागायचा रात्री. रात्री लागायचा हे फार महत्त्वाचं आहे.

रात्री लांबचं स्टेशन का लागतं?

हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. दिवसा मिडियम वेव्हवर जवळची दोन-चार स्टेशनं लागतात, आणि रात्री जेवणं झाल्यावर तीच सुई फिरवली की कुठली कुठली भाषा ऐकू येते. रेडिओ तोच, बॅटरी तीच. मग बदललं काय? तर आकाश.

जमिनीपासून साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर हवेचा एक थर असतो. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे तिथल्या कणांमधून इलेक्ट्रॉन सुटे होतात. या पट्ट्याला डी-थर म्हणतात, आणि तो आयनांबराचा, म्हणजेच आयनोस्फिअरचा सगळ्यात खालचा मजला. मिडियम वेव्हच्या लहरी वर गेल्या की हा डी-थर त्यांना गिळून टाकतो. म्हणून दिवसा आपल्याला फक्त जमिनीला चिकटून आलेली लहर मिळते, आणि ती फार लांब जात नाही.

सूर्य मावळला की किरणं बंद. सुटे इलेक्ट्रॉन परत कणांना चिकटतात आणि डी-थर थोड्याच वेळात जवळजवळ नाहीसा होतो. त्याच्या वर, शंभर किलोमीटरच्या पलीकडे असलेले ई आणि एफ हे थर मात्र रात्रीही टिकतात. आता लहरींना वाटेत गिळणारं कुणी नाही. त्या थेट वर जातात आणि तिथून वळून शेकडो किलोमीटर लांब जमिनीवर उतरतात. सेंट लुईस शहरातलं केएमओएक्स हे सीबीएसचं स्टेशन ११२० किलोहर्ट्झवर ५० किलोवॅटने बोलायचं, आणि रात्री ते कित्येक राज्यांत ऐकू यायचं.

आपल्या आकाशवाणीनेही हीच युक्ती वापरली होती, आणि तीही महाराष्ट्रातून. १९८८ मध्ये सुरू झालेलं 'नॅशनल चॅनल' हे खास रात्रीचं केंद्र होतं. त्याचा मुख्य ट्रान्समीटर नागपूरजवळ, १५६६ किलोहर्ट्झवर आणि १००० किलोवॅटचा! अमेरिकेत एखाद्या मिडियम वेव्ह स्टेशनला जेवढी शक्ती वापरायची कमाल परवानगी आहे, त्याच्या वीसपट. देशाच्या साधारण मधोमध एकच ट्रान्समीटर ठेवायचा आणि बाकीचं काम रात्रीच्या आकाशावर सोपवायचं, असा तो हिशेब.

आवाज येतो-जातो, तेच खरं भूत

आता भीतीकडे येऊ. आकाशातून येणारी लहर एकाच वाटेने येत नाही. काही भाग ई-थरावरून वळून येतो, काही एफ-थरावरून, आणि स्टेशन फार लांब नसेल तर काही भाग जमिनीवरूनही येतो. हे सगळे तुमच्या रेडिओत एकत्र येतात. एकमेकांशी जुळले तर आवाज मोठा. उलट पडले तर एकमेकांना मारून टाकतात आणि आवाज गायब.

१००० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी ३०० मीटर असते. म्हणजे दोन वाटांमधल्या अंतरात फक्त १५० मीटरचा फरक पडला तरी जुळलेल्या लहरी उलट पडतात. शंभर-दोनशे किलोमीटर उंचीवर सतत हलणाऱ्या थराला १५० मीटर म्हणजे काहीच नाही. त्यामुळे काही सेकंदांत, कधी मिनिटभरात आवाज लाटेसारखा वर-खाली होत राहतो.

गंमत पुढेच आहे. एएम प्रसारणात मधोमध एक मुख्य लहर असते, म्हणजे कॅरिअर, आणि तिच्या दोन्ही बाजूंना प्रत्यक्ष आवाज वाहून नेणाऱ्या लहरी असतात. कधीकधी नेमकी मुख्य लहरच पडते आणि बाजूच्या मात्र शाबूत राहतात. मुख्य लहर नसेल तर साध्या रेडिओला आवाज नीट उलगडता येत नाही. अशा वेळी माणसाचा आवाज पोकळ होतो, चिरकतो, कुणीतरी नळीतून बोलतंय असा येतो. बोलणारा माणूस तोच, पण क्षणभर तो माणूस वाटत नाही. स्टुडिओतल्या कुणीही हा परिणाम ठरवून घातलेला नव्हता. तळघरात कुणीतरी कुजबुजतंय आणि नेमकं तेव्हाच हे झालं, तर लेखकाला फुकटचं भूत मिळालं!

अरुंद नळीतून आलेले आवाज

दुसरी गोष्ट स्पीकरची. तरुण माणसाच्या कानाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. एफएमवर १५ हजारांपर्यंतचा आवाज मिळतो. मिडियम वेव्हवर अमेरिकेत स्टेशनांमध्ये १० किलोहर्ट्झचं अंतर असतं आणि आपल्याकडे ९ चं. शेजारच्या स्टेशनचा गोंगाट आत येऊ नये म्हणून साध्या ट्रान्झिस्टरमध्ये चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही ठेवतच नसत. बोलणं कळायला तेवढं पुरतं. पण टाळीचा करकरीतपणा, कागदाची सळसळ, काचेची किणकिण यातला मोठा भाग गळून जायचा.

साउंड इफेक्ट करणाऱ्यांच्या हे पथ्यावरच पडलं. कारण अशा अरुंद नळीतून आलेले दोन वेगळे आवाज एकसारखे वाटू लागतात. सेलोफेनचा कागद चुरगळला की आग पेटते. पत्र्याची मोठी शीट हलवली की ढग गडगडतात. अमेरिकेतली 'लाइट्स आउट' ही मालिका तर यासाठी कुप्रसिद्धच होती. १९३४ मध्ये विलिस कूपरने शिकागोत ती सुरू केली आणि ती लागायची मध्यरात्री. विजेच्या खुर्चीत बसवलेल्या कैद्यासाठी मायक्रोफोनजवळ बेकन तळायचं. मान उडवायची असेल तर कोबीचा गड्डा सुऱ्याने कापायचा. म्हणजे स्वयंपाकघरातलं सामान, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात भलतंच काही.

आता हाच कोबी चांगल्या हेडफोनवर, पूर्ण आवाजपट्टीत ऐका. बऱ्याचदा तो कोबीच वाटतो. माझं मत विचाराल तर आजच्या अनेक हॉरर पॉडकास्टची अडचण इथेच आहे. आवाज इतका स्वच्छ, की कानाला स्वतःहून भर घालायला काही उरतच नाही. अर्धवट ऐकू आलेल्या आवाजाचा अर्थ मेंदू स्वतः लावतो, आणि रात्री अंधारात तो अर्थ कधी चांगला लागत नाही.

मायक्रोफोनची बंद बाजू

त्या काळातल्या स्टुडिओंत रिबन मायक्रोफोन असायचे. आरसीए कंपनीचा ४४ हा त्यातला सगळ्यात ओळखीचा, जुन्या फोटोंमध्ये दिसतो तो. हा पुढून आणि मागून ऐकतो, पण बाजूंनी जवळजवळ बहिरा. नटांनी याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. समोर उभं राहून बोलताना एक पाऊल बाजूला सरकायचं, की पात्र खोलीतून निघून गेलं. पाऊल परत आत टाकलं, की ते एकदम तुमच्या मागे उभं! बटण नाही, मिक्सर नाही.

याच मायक्रोफोनच्या अगदी जवळ तोंड नेलं की आवाजातला खर्ज फुगतो. या प्रकाराला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात. म्हणून सूत्रधार कुजबुजला तर तो कानात बोलतोय असं वाटतं. त्यात उशीखालचा ट्रान्झिस्टर किंवा एका कानातला इअरफोन, म्हणजे अंतर शून्यच. आणि घुमणारा आवाज हवा असेल तर त्यासाठी एक रिकामी खोली ठेवलेली असायची. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला मायक्रोफोन. स्टुडिओतला आवाज त्या खोलीत सोडायचा, भिंतींवर आपटून आलेला परत उचलायचा, झाली गुहा.

जाता जाता एक. रेडिओ आणि भीती म्हटलं की लगेच १९३८ च्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'चा विषय निघतो, मंगळावरून हल्ला झाला म्हणून अख्खी अमेरिका रस्त्यावर पळाली वगैरे. ते नाटक झालं, काही लोक घाबरलेही. पण देशभर पळापळ ही बरीचशी वर्तमानपत्रांनी फुगवलेली गोष्ट होती. घाबरवायचंच काम रोज रात्री, इमानेइतबारे करणारे कार्यक्रम हे होते.

हे आज अनुभवता येईल का?

थोडंफार. घरात मिडियम वेव्हवाला जुना रेडिओ असेल तर रात्री नऊनंतर काढा. आधी एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, वायफाय राउटर जमतील तेवढे बंद करा. त्यांच्यातल्या स्विचिंग सर्किटमुळे मिडियम वेव्हवर भयंकर खरखर येते. मग रेडिओ हळूहळू गोल फिरवून बघा. आत फेराइटच्या दांडीवर तार गुंडाळलेला अँटेना असतो. ती दांडी स्टेशनच्या दिशेला आडवी असली की आवाज सगळ्यात चांगला, आणि तिचं टोक स्टेशनकडे असलं की आवाज पडतो. आजोबा रेडिओ कुशीवर वळवून ठेवायचे ते उगाच नाही.

रेडिओ नसेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर हा रिसीव्हर ब्राउझरमध्ये उघडता येतो. तिथे रात्र असताना मिडियम वेव्हवर जा आणि लांबची स्टेशनं ऐका. आवाज येतो-जातो म्हणजे काय ते पाच मिनिटांत कळेल. मिडियम वेव्हवर आता आपल्याकडे डीआरएम हे डिजिटल प्रसारणही आलंय. त्यात मात्र हा प्रकार नाही. सिग्नल पुरेसा असला की स्वच्छ आवाज, कमी पडला की एकदम शांतता. ऐकायला उत्तम, पण भूत गेलं.

मग ही नाटकं वाचली कशी?

सगळी वाचली नाहीत. 'लाइट्स आउट'मधलं सगळ्यात गाजलेलं नाटक म्हणजे आर्च ओबोलरचं १९३७ मधलं 'चिकन हार्ट'. प्रयोगशाळेतलं कोंबडीचं हृदय वाढत वाढत जग गिळायला निघतं आणि पाठीमागे सतत धडधड. त्याचं मूळ ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. आपण ऐकतो ती ओबोलरने १९६२ च्या ग्रामोफोन रेकॉर्डसाठी केलेली छोटी आवृत्ती. त्या काळात नाटक थेट प्रक्षेपित व्हायचं, आणि नोंद ठेवायचीच तर मोठ्या तबकड्यांवर ठेवायची. एका बाजूवर साधारण पंधरा मिनिटं. हा सगळा खटाटोप प्रत्येक भागासाठी कोण करणार?

'मिस्टरी थिएटर'चं नशीब वेगळं निघालं. फिलिप्सची कॅसेट १९६३ मध्ये आली होती, आणि १९७४ पर्यंत रेडिओ-कॅसेट एकत्र असलेले संच साध्या घरांत पोहोचले होते. श्रोत्यांनी रात्री बटण दाबून ठेवलं. आज फिरणाऱ्या प्रतींपैकी कित्येक याच घरच्या कॅसेट आहेत. ऐकताना कळतं, कारण मध्येच त्या रात्रीच्या बातम्या लागतात, स्थानिक दुकानाची जाहिरात लागते, आणि हो, आवाजही येतो-जातो.

तर आता तुमच्या माळ्यावरच्या डब्याकडे वळू. मराठी घरांतही लोकांनी रेडिओवरून नाटकं, श्रुतिका, कीर्तनं कॅसेटवर उतरवून ठेवली आहेत. केंद्राकडे प्रत असेलच अशी खात्री नाही, आणि तुमच्याकडची कदाचित एकमेव असेल. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात टेपवर पांढरी बुरशी धरते. ती दिसली तर कॅसेट प्लेअरमध्ये घालू नका, हेडही खराब होईल आणि बाकीच्या कॅसेटही. ती वेगळी ठेवा आणि जाणकाराकडे द्या.

बाकीच्यांचं काम घरी होतं. आधी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. प्लेअरचं हेड आणि रबरी चाक स्वच्छ करा. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल, रबराला नुसता ओलसर कपडा. कॅसेट एकदा पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे फिरवून घ्या, चिकटलेली टेप मोकळी होते. प्लेअरच्या लाइन-आउटमधून, नसेल तर हेडफोनच्या भोकातून, वायर काढून यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या लाइन-इनमध्ये लावा. लॅपटॉपचं माइकचं भोक टाळा, आवाज फाटतो. आणि स्पीकरसमोर मोबाईल धरून रेकॉर्ड करणं तर अजिबात नको. स्वस्त यूएसबी कॅसेट प्लेअरबद्दलही फार आशा ठेवू नका, त्यांची मोटर डुलते आणि आवाज रडतो.

संगणकावर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही फाइल, आणि सगळ्यात मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या आत राहू द्या. स्टिरिओत तासाला साधारण एक जीबी होतो, मोनोत अर्धा. आवाज गुदमरल्यासारखा येत असेल तर हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवून बघा. दुसऱ्या मशीनवर रेकॉर्ड झालेल्या कॅसेटला हेडचा कोन थोडा वेगळा लागतो. आवाज एकदम मोकळा होतो तिथे थांबा.

खरखर काढायचा मोह होईल. ती प्रयोगाच्या प्रतीवर काढा, मूळ फाइलला हात लावू नका. नॉइज रिडक्शन जास्त झालं की खरखरीबरोबर पावलांचे आवाजही जातात. स्वतःच्या घरासाठी जपणं वेगळं आणि इंटरनेटवर टाकणं वेगळं, तिथे हक्कांचा प्रश्न येतो, तेवढं लक्षात ठेवा.

आणि नाटकाच्या आधी-नंतरच्या बातम्या, वेळेची घोषणा, जाहिरात कापू नका. कॅसेटवर तारीख लिहिलेली नसेल तर ती शोधायचा तोच एक मार्ग असतो. क्रिकेटचा निकाल, एखाद्या मंत्र्याचं नाव, पावसाची बातमी, एवढ्यावरून दिवस सापडतो. सापडला की फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि शेवटी केंद्राचं नाव असं लिहून ठेवा.